जुनी झबली

उत्कर्षा बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा यशोदाबाईंनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक आधीच बाहेर ओढून ठेवली होती. ट्रंकेत उत्कर्षाची लहानपणची झबली होती, टोपडी होती, लुगड्यांची मऊ दुपटी होती. बाळाला पहिले काही दिवस नवं कापड घालायचं नाही, घरातल्याच एखाद्या धडधाकट वाढलेल्या लेकराचं जुनं घालायचं, म्हणजे त्याचं आयुष्य याला लाभतं, अशी त्यांच्या घराची रीत. उत्कर्षाला त्यांच्या भाच्याची झबली घातली होती. आता उत्कर्षाची तिच्या बाळाला.

यशोदाबाई पहिली-दुसरीचे वर्ग शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यापासून सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. सगळी गल्ली त्यांना ‘बाई’ म्हणायची. बाईंच्या घरात प्रत्येक गोष्ट घडी करून ठेवलेली असे, आणि प्रत्येक घडीत डांबरगोळी. दरवर्षी दिवाळीच्या आधी कपाटातल्या जुन्या, झिजून वाटाण्याएवढ्या झालेल्या गोळ्या काढायच्या आणि नव्या घालायच्या. कसर लागलेलं कापड त्यांना बघवत नसे. शाळेतसुद्धा कापडी बाहुल्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची, आणि ते कपाट उघडलं की तोच वास यायचा. त्या वासाला त्या स्वच्छतेचा वास म्हणत.

उत्कर्षाने येताना वेगळीच तयारी केली होती. बाटलीची मागची बाजू वाचल्याशिवाय ती कुठलीच वस्तू घरात येऊ देत नव्हती. पावडर नको, ती बाळाच्या श्वासातून छातीत जाते. काजळ नको, कशात शिसं निघेल सांगता येत नाही. वासाचा साबण नको, कारण वास कशाचा आहे ते कुणी लिहीतच नाही. पाळण्यावर लावायची मच्छर पळवणारी कांडी नको, साधी मच्छरदाणी बरी. यशोदाबाईंनी हौसेने आणलेला पावडरचा डबा तिने हसत हसत परत पिशवीत टाकला.

“मग तू कशी वाढलीस गं?” यशोदाबाई म्हणाल्या.

“नशिबाने,” उत्कर्षा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

यशोदाबाईंना तिचा राग आला नाही. प्रश्न विचारणारं मूल त्यांना वर्गातही आवडायचं. त्यांनी डबा दुकानदाराला परत केला, काजळाचा हट्ट सोडला. जुन्या झबल्यांवर मात्र मायलेकींचं एकमत होतं. नव्या कापडाचा रंग नाही, खळ नाही, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड. बाजारातल्या कशापेक्षाही घरचं बरं, असं उत्कर्षाच म्हणाली. एक झबलं तिने नाकाशी धरलं आणि डोळे मिटले.

“आई, तुझ्या कपाटाचा वास. मला हा वास फार आवडतो.”

सगळे कपडे त्यांनी रिठ्याच्या पाण्यात धुतले, गच्चीवर उन्हात कडक वाळवले, इस्त्री केली. मग बाळाचे आहेत, मुंग्या-झुरळं फिरायला नकोत, म्हणून यशोदाबाईंनी त्यांची नीट चळत रचून पुन्हा ट्रंकेत ठेवली. ट्रंकेच्या चारी कोपऱ्यांत नव्या गोळ्यांच्या पुरचुंड्या ठेवायला त्या विसरल्या नाहीत.

मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आणल्यावर रोज सकाळी यशोदाबाई त्याला पायांवर घेऊन खोबरेल तेल जिरवत, कोमट पाण्याने न्हाऊ घालत, आणि ट्रंकेतलं एक झबलं आणि दुपटं काढून त्याला घट्ट गुंडाळत. तेलाने तुकतुकीत झालेलं ते गाठोडं मांडीवर आलं की त्यांना दुसरं काही नको असे. पाचवीच्या पूजेला उत्कर्षाची सासू बजाबाई तिच्या गावाहून, केमहून आली. शेतातली बाई, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. पाळण्यात डोकावून म्हणाली, “नाक आमच्या घरचं हाय की. गप बसायची सवय तेवढी तुमच्याकडची दिसतीय, इनबाई.”

बाळ गपच होतं. उत्कर्षाला ते पिवळं वाटत होतं. डोळ्यांचे पांढरे भागही पिवळे दिसत होते. तिने आईला विचारलं. यशोदाबाईंनी तिला समजावलं, एखाद्या घाबरलेल्या मुलाला समजावतात तसं. बहुतेक बाळं पिवळी होतात, तूही झाली होतीस, कोवळं ऊन दाखवलं की उतरतं. त्या रोज सकाळी बाळाला खिडकीपाशी उन्हात धरत, ट्रंकेतल्या ताज्या दुपट्यात गुंडाळून. पिवळेपणा छातीवरून पोटापर्यंत पसरला. उत्कर्षाने पुन्हा विचारलं, दवाखान्यात जाऊन यायचं का.

“उद्या बघू,” यशोदाबाई म्हणाल्या. “ओल्या बाळंतिणीने उगाच दगदग करू नये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लंगोटावर चहासारखा काळपट डाग पडला होता. बाळ छातीला लागेना. रडलं तर बारीक, चिरका आवाज, आणि मान मागे वाकलेली. उत्कर्षाचा नवरा अजिंक्य चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात कामावर होता, तो अंगावरच्या निळ्या कपड्यांनिशी तसाच आला. बाळाला घेऊन तिघं रिक्षाने दवाखान्यात गेली.

लहान मुलांच्या त्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याने बाळाला आत घेतलं, रक्त काढलं, दिव्यांखाली ठेवलं, आणि मग बाळाचं दुपटं हातात घेऊन बाहेर आला. दुपटं त्याने नाकाजवळ नेलं.

“हे कपडे घरी कुठे ठेवता?”

“ट्रंकेत,” यशोदाबाईंनी लगेच सांगितलं. उत्तर येत असलेल्या मुलाच्या उत्साहाने सांगितलं, हे त्यांना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. “डांबरगोळ्या घालून. अगदी स्वच्छ असतात.”

डॉक्टरने दुपटं बाजूला ठेवलं. मग त्याने तिघांना बसायला सांगितलं आणि सावकाश सांगितलं. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक द्रव्य कमी असतं, ही उणीव बहुधा आईकडून येते. एरवी ते कळतही नाही, माणूस म्हातारा होईपर्यंत सुखाने जगतो. पण अशा तान्ह्या बाळाला डांबरगोळीचा अंश कातडीतून किंवा श्वासातून लागला, की रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि कावीळ डोक्यापर्यंत चढते. अंगाला तेल लावलेलं असलं तर तो अंश आत लवकर उतरतो.

“आम्ही धुतले होते कपडे,” यशोदाबाई म्हणाल्या.

“धुतले, आणि परत तिथेच ठेवले,” डॉक्टर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

उत्कर्षा समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिने एवढंच विचारलं, “काल आणलं असतं तर?”

डॉक्टरने यशोदाबाईंकडे बघायचं टाळलं. “काल आणलं असतं तर बरं झालं असतं.”

बाळाचं रक्त बदललं. अजिंक्य रक्तपेढीत धावपळ करत होता, पाचवीनंतर केमला परतलेली बजाबाई पहिल्या गाडीने पुन्हा आली आणि दाराशी मांडी घालून बसली. यशोदाबाई घरी गेल्या. ट्रंकेतल्या, कपाटातल्या, माळ्यावरच्या सगळ्या गोळ्या त्यांनी गोळा करून बाहेर टाकल्या. जुनी झबली त्यांनी कुणाला दिली नाहीत, दुसऱ्या कुणाच्या बाळाच्या अंगावर ती जायला नकोत म्हणून कात्रीने तुकडे केले. फडकी भिजवून फरशी, भिंती, दारं पुसली. मग त्या दवाखान्यात परत आल्या, आणि उत्कर्षा ज्या बाकावर बसली होती त्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

बाळ वाचलं. घरी सोडताना डॉक्टरने बजावलं की काविळीचा मेंदूवर काय परिणाम झालाय ते आज सांगता येणार नाही, वरचेवर दाखवत राहा, विशेषतः कान तपासून घ्या. ‘वाचलं’ या शब्दापुढचं कुणाला धड ऐकूच गेलं नाही.

दवाखान्याच्या पायरीवर अजिंक्यने यशोदाबाईंना बाजूला घेतलं. खाली बघत म्हणाला, “आई, सध्या केमला नेतो तिला. तिला तिथं बरं वाटेल.”

यशोदाबाईंनी मान हलवली. बाळंतीण माहेर सोडून सासरी निघाली होती, सव्वा महिनाही झाला नव्हता. त्या रिक्षाजवळ गेल्या. उत्कर्षा बाळाला दवाखान्याच्या पांढऱ्या कापडात घेऊन बसली होती. यशोदाबाईंनी हात पुढे केले, एकदा घेऊ दे अशा अर्थाने. उत्कर्षाने बाळ आणखी जवळ ओढलं. रिक्षा गेली.

त्या दिवसापासून यशोदाबाईंचं मागणं एकच उरलं. ते लेकरू पुन्हा एकदा आपल्या मांडीवर यावं. माफी त्यांना नको होती, मागायची कशी तेही त्यांना कळत नव्हतं. मांडी मात्र रिकामी होती आणि ते रिकामपण त्यांना कळत होतं.

बारसं केमला ठरलं. नातवाच्या बारशाला माहेरून बाळंतविडा जातो, बाळाचे कपडे, अंथरूण-पांघरूण, तेल, साबण, खुळखुळे, चांदीचे वाळे. आजीने तो परातीत मांडून सगळ्यांसमोर न्यायचा असतो. यशोदाबाईंनी फोनवर उत्कर्षाला विचारलं, काय काय आणू.

“काही आणू नकोस.”

“निदान पाळण्यात घालायला एखादं…”

“आई. काही आणू नकोस.”

त्या बजाबाईच्या ओटीसाठी खण-नारळ आणि पेढे घेऊन केमच्या गाडीत बसल्या. बारशाच्या घरात बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. माहेरचा विडा कुठाय म्हणून एकीने दुसरीला विचारलं, विचारणं यशोदाबाईंना ऐकू जाईल अशा बेताने. बजाबाई चुलीपाशी होती. तिथूनच तिने मोठ्याने सांगितलं, “मीच नगं म्हणलं त्यास्नी. घरात लई पडलंय, ठेवायचं कुटं?” आणि वर यशोदाबाईंना पाळण्याजवळची जागा दिली.

बाळाचं नाव हृषीकेश ठेवलं. आत्याने त्याच्या कानात नाव सांगितलं, कुर्र केलं, आणि रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. हसण्याचा, बांगड्यांचा एकच कल्लोळ उठला. कुणाच्या तरी मांडीवर झोपलेलं दुसरं एक मूल दचकून रडायला लागलं. पाळण्यातला हृषीकेश वर टांगलेल्या चिमण्यांकडे बघत होता. तो दचकला नाही, त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

यशोदाबाईंनी ते पाहिलं. वर्गात एखादं मूल हाक मारून वळत नाही, आणि सगळे त्याला मठ्ठ म्हणतात, अशी मुलं त्यांनी पाहिली होती. अशा मुलाच्या मागे जाऊन त्या हळूच टाळी वाजवत. आता गलका ओसरल्यावर त्या पाळण्याच्या डोक्याच्या बाजूला गेल्या आणि टाळी वाजवली. मग जरा जोरात वाजवली. बाळ चिमण्यांकडेच बघत राहिलं.

अंगणात घुगऱ्या वाटल्या जात होत्या. अजिंक्य पाहुण्यांना पाणी देत होता आणि पहिल्यांदाच हसत होता. आजचा दिवस जाऊ द्यावा, उद्या फोन करावा, असं यशोदाबाईंच्या मनात आलं. ‘उद्या’ हा शब्द मनात आला आणि त्या उठल्या. आतल्या खोलीत उत्कर्षा एकटीच साडीची पिन नीट करत होती.

“उत्कर्षा, त्याला ऐकू येत नसावं.”

उत्कर्षाचे हात थांबले.

“मी टाळी वाजवून बघितली. दोनदा. डॉक्टरांनी कान तपासायला सांगितलेत ते लगेच करा. थांबू नका.”

“तू सांगतेस मला, थांबू नका?”

“हो,” यशोदाबाई म्हणाल्या. “मीच सांगते.”

बाहेर कुणीतरी उखाण्याचा आग्रह करत होतं. उत्कर्षा हळू आवाजात बोलायला लागली, बाहेर ऐकू जाऊ नये एवढ्या हळू. “मीच म्हणाले होते ना, हा वास मला आवडतो. साबणावरचं वाचलं, पावडरवरचं वाचलं, तेलावरचं वाचलं. आणि ते झबलं नाकाला लावून म्हणाले, आवडतो. तुला बघितलं की मला ते आठवतं, आई. मला आत्ता तू समोर नको आहेस.”

यशोदाबाई न जेवता निघाल्या. बजाबाई स्टेशनापर्यंत सोबत आली. काय झालं ते तिने विचारलं, यशोदाबाईंनी सांगितलं. बजाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, “बोलला ते बरं केलं. उद्याच धाडते दोघास्नी सोलापूरला. लेकरू तुमचंबी हाय, इनबाई.”

तपासणी झाली. अजिंक्यचा फोन आला, तो दोन वाक्यं बोलला. दोन्ही कानांना ऐकू येत नाही. लवकर कळलं म्हणून आता यंत्र लावता येईल, पुढे कदाचित शस्त्रक्रिया, आणि शिकवत राहिलं तर बोलेलही. यशोदाबाईंनी फोन ठेवला आणि गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

खालच्या मजल्यावर विणकरांचं कुटुंब राहायचं, घरात तेलुगू बोलणारं. त्यांची सून पोटुशी होती, आणि तिची सासू जुने कपडे गच्चीवर वाळत घालत होती. यशोदाबाई वर गेल्या आणि त्यांनी तिला सांगितलं. डांबरगोळ्यांतलं एकही कापड बाळाच्या खोलीतसुद्धा नको. कपडे धुऊन, वाळवून नुसत्या सुती पिशवीत ठेवा, कसर लागली तर लागू द्या, कापड दुसरं मिळतं. नवं आणलंत तरी धुतल्याशिवाय घालू नका. सुगंधी म्हणून जे जे विकतात ते काही नको. बाळ पिवळं दिसलं तर उन्हात धरून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, शू काळपट दिसली तर तासभरही थांबू नका.

सासूबाईंना पटेना. आमच्या सात पिढ्या याच गोळ्यांत वाढल्या, त्या म्हणाल्या, एकाला तरी काही झालं का?

“माझ्या नातवाला झालं,” यशोदाबाई म्हणाल्या. “मी ठेवले होते कपडे.”

सासूबाईंनी दोरीवरची झबली एकेक करून काढली. त्यानंतर गल्लीत जिथे जिथे दिवस गेल्याचं कळायचं, तिथे यशोदाबाई जात. शाळेत एकच धडा दरवर्षी नव्या मुलांना शिकवला होता तसाच न कंटाळता सांगत, आणि शेवटी प्रत्येक वेळी ‘मी ठेवले होते कपडे’ हे वाक्य म्हणत.

कानाच्या यंत्राच्या मापासाठी आणि शिकवणीसाठी हृषीकेशला वारंवार सोलापूरला आणावं लागायचं. अजिंक्य आणि उत्कर्षा गाडीने येत, दवाखान्यातून परस्पर परत जात. यशोदाबाईंना ते माहीत होतं. कधी त्या दवाखान्यासमोरच्या रस्त्याने भाजी आणायला जात, भाजी मिळण्याची जागा नव्हती तरी.

एका सोमवारी दुपारी दार वाजलं. उत्कर्षा बाळाला कडेवर घेऊन उभी होती. अजिंक्यला कारखान्यातून सुट्टी मिळाली नव्हती, दवाखान्यात कागदांसाठी दोन-तीन ठिकाणी रांगा लावायच्या होत्या, उन्हात बाळाला घेऊन फिरणं शक्य नव्हतं. हे सगळं तिने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. मग ती आत आली.

ती पलंगाखाली वाकून बघून आली. कपाट उघडून तिने आत तोंड घातलं, श्वास घेतला. माळ्यावर काय आहे विचारलं. यशोदाबाई प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होत्या. काही नाही. भांडी. काही नाही. शेवटी त्या जमिनीवर भिंतीला टेकून मांडी घालून बसल्या. उत्कर्षाने पिशवीतून केमहून आणलेली स्वतःची चादर काढली, तिची चौघडी केली, आणि आईच्या मांडीवर अंथरली. साडीचा एकही काठ बाहेर दिसणार नाही अशी चारी बाजूंनी खोचली. यशोदाबाईंनी हात वर उचलून धरले होते, तिला नीट करता यावं म्हणून. मग उत्कर्षाने बाळ त्या चादरीवर ठेवलं.

“तेल लावू नकोस. कपडे बदलायचे झाले तर पिशवीत आहेत, तेच घाल.”

“बरं.”

“दूध बाटलीत आहे. मी तासाभरात येते.”

“बरं.”

उत्कर्षा दारापर्यंत गेली आणि वळून उभी राहिली. तिने फक्त दार पूर्ण उघडं ठेवलं, वारा खेळता राहावा म्हणून, आणि जिना उतरून गेली.

हृषीकेशने आजीकडे बघितलं. त्याला ती आठवण्याचं काही कारण नव्हतं. यशोदाबाईंच्या ओठांवर सवयीने गाणं आलं होतं, ते त्यांनी तिथेच थांबवलं. त्या बाळाच्या तोंडासमोर वाकल्या, जिथे तो त्यांचं तोंड नीट पाहू शकेल. पहिलीच्या मुलांना पहिला शब्द शिकवताना जसे ओठ सावकाश मिटत आणि उघडत, तसे त्यांनी ओठ मिटले, उघडले. तो एकटक बघत राहिला. खालून एक रिक्षा भोंगा वाजवत गेली, त्याला त्याचा पत्ता नव्हता. यशोदाबाईंचे डोळे भरून आले होते, पण डोळे पुसायला हात लागला असता आणि हात हलवला तर चादर सरकेल, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या आणि पुन्हा एकदा, सावकाश, त्याला ओठ दाखवले.